ज्याचा दगड त्यानं सोडायचा

नवव्या दिवशी सकाळी तायेबनं कॉफी मागितली.

नुसती मागितली नाही, ओरडून मागितली. "आरं, घरात कोन मेलंय का? कॉफी कुटं हाय माजी?" मान्सुर तेव्हा घराखाली, खांबांच्या मधल्या सावलीत जाळं विणत बसला होता. त्याच्या हातातली सुई तशीच हवेत राहिली. नऊ दिवस तायेबचं, त्याच्या थोरल्या भावाचं, तोंड दाराला अडसर घालावा तसं मिटलेलं होतं. दात दातांवर बसलेले, जीभ आत कोंडलेली, आणि पुढच्या पडक्या दाताच्या फटीतून बारीक नळीनं भाताची पेज सोडायची, तेवढीच काय ती पोटात जायची. दवाखान्यातली नर्स दोनदा येऊन बघून गेली. घशात काही नाही, जबड्यात काही नाही, म्हणली, शहरात न्या. शहर बसनं एका दिवसाच्या वाटेवर, आणि तायेब जायला तयार नाही. हातानं खुणा करून सांगायचा, मरायचं तर इथंच मरतो. अंगावरचं मांस असं उतरत चाललेलं, की गळ्याखालची हाडं लांबून मोजून घ्यावीत.

मान्सुर शिडी दोन ढांगांत चढला. आत त्याची बायको साओदा चुलीपुढं उभी राहून लुंगीच्या टोकानं डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"ऐकलंस का रं?" ती म्हणली. "वराडला त्यो. या अल्ला, कुनाचं वराडनं ऐकून एवढं बरं कदी वाटलं न्हवतं मला."

"कॉफी," तायेब चटईवरून म्हणला. "रडायचं मागनं बघा."

मान्सुरची सहा वर्षांची लेक नूरी त्याच्या छातीवर चढून बसली आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड उघडून आत डोकावली. "उबा," ती बापाला म्हणली, "थोरल्या उबाच्या तोंडात आता कायबी न्हाई."

सगळे हसले. मान्सुरही हसला. मग पाणी आणतो म्हणून तो घरामागं गेला आणि नारळाच्या बुंध्याला टेकून बसला. सुटकाही कधी कधी माणसाला अशी खाली पाडते. कारण भावाचं तोंड का मिटलं होतं, ते गावात एकट्या मान्सुरला ठाऊक होतं.

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. वाळूत होडी ओढलेली, दहाबारा जण जाळी सांधत बसलेले, आणि तायेबची जीभ सुटलेली. त्याची जीभ तशी गावाची करमणूक होती. ह्याची खोड काढ, त्याची टोपी उडव, असं करत करत तो मान्सुरवर आला. मान्सुर लवकर तापतो म्हणून त्याला डिवचण्यात सगळ्यांनाच मजा वाटायची. बोलता बोलता तायेब म्हणला, "ह्येला बायको मिळाली, ती मी त्या साली मोठ्या बोटीवर निघून गेलो म्हनून. न्हाईतर बोलनी माज्या नावानं चाललीवती. मी परत आलो तर लगीन उरकलेलं. मला काय, जेवनबी न्हाई मिळालं!"

लोक हसले. खोटं काही नव्हतं त्यात, गावाला सगळं ठाऊक होतं; पण सात वर्षांत कोणी ते तोंडातून काढलं नव्हतं. तायेबनं त्यानंतर लग्न केलं नाही, गावाच्या टोकाला झोपडी घालून एकटा राहिला, भावाबरोबर एकाच होडीवर मासेमारी केली, नवसाला बेटावर जाणारी माणसं नेली-आणली, आणि कधी एक शब्द काढला नाही. काढला तो असा, भर वाळूत, हसण्यावारी.

मान्सुरनं हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं, दोन फटके देऊन-घेऊन राग तिथंच संपला असता. तो उठला, एकट्यानं होडी लोटली, इंजिन सुरू केलं आणि दोन तासांवरच्या बेटावर गेला. डोंगराची कड चढून पलीकडं खाली तलावापाशी उतरला. काठावरचा मुठीएवढा काळा दगड उचलला, कमरेच्या पिशवीतलं जाळ्याचं हिरवं सूत काढलं आणि झाडाच्या फांदीला तो दगड बांधला. हजार दगड लटकलेले असतात तिथं. कोणी पोर मागतं, कोणी पाऊस मागतं, कोणी दर्यावर गेलेलं माणूस मागतं. मान्सुरनं मागितलं, ह्याचं तोंड बंद होऊ दे. एवढंच. मरण मागितलं नाही, हे तो नंतर स्वतःला शंभरदा सांगायचा.

राग घरी येईपर्यंतच उतरला होता. आठवड्यानं दोघं एका ताटात जेवलेही. दगड मात्र तिथंच राहिला, कारण मागणं पुरं झाल्याशिवाय दगड सोडता येत नाही. आणि महिन्यानं एके सकाळी तायेब उठला, तो तोंड मिटलेलाच. मान्सुरनं त्याला झोपडीतून आपल्या घरी आणलं.

सहाव्या दिवशी मान्सुर मासे बघायला जातो सांगून पुन्हा बेटावर गेला आणि पहिल्या दगडाला लागूनच दुसरा बांधला. उघडू दे. माझं चुकलं, उघडू दे. तेच सूत, तीच गाठ. आणि तीन दिवसांनी घरात कॉफीची ओरड.

आता दोन्ही मागणी पुरी झाली होती. पुरं झालं की घरच्या सगळ्यांना घेऊन जायचं, आपला दगड आपल्या हातानं सोडायचा, तलावात टाकायचा, तिथंच शिजवून खायचं आणि परत यायचं. उपकार घेऊन गप्प बसलं तर तलाव तो परत घेतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मान्सुरला एकच घोर लागला. नुसता चांगला दगड सोडला आणि वाईट तसाच राहिला, तर तो पुन्हा आपलं काम सुरू करेल. दोन्ही सोडायचे, एकाच वेळी, कोणाला न कळता.

"साए," थोरल्या भावाला मारतात ती हाक मारून तो म्हणला, "मी तुज्यासाटी दगड बांदलावता. सोडाया जायचं हाय."

तायेबनं कॉफीच्या पेल्यावरून त्याच्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणला, "चल की. मला बी हवा लागंल."

तीन दिवसांनी, तायेबच्या अंगात चढण चढायचं बळ आल्यावर, ते सकाळी निघाले. साओदानं बांबूत भरलेला चिकट भात घेतला, पहाटे धरलेला एक मोठा तांबडा मासा भाजायला काढून ठेवला, चिंचेचा आणि मिरचीचा ठेचा केळीच्या पानात बांधला. होडी लोटायला म्हातारा ओम्पू लांदा आला. त्याचं जोर लावणं म्हणजे नुसतं तोंडानंच.

"तोंड उगडलं का तुज्या भावाचं?" तो मान्सुरला म्हणला. "आता गावाची झोप गेली. नऊ दिस कसं निवांत हुतं!"

"ओम्पू, तुजं बी बांदून ठिवू का?" तायेब होडीतून ओरडला. "जागा हाय झाडावर!"

"माज्या तोंडात दातच न्हाईत, मिटनार काय त्ये?" म्हातारा हसला. मग होडीच्या काठाला धरून मान्सुरला हळूच म्हणला, "नीट बगून सोड. ज्येचा दगड त्येनंच सोडायचा. दुसऱ्याच्या दगडाला हात लागला तर—"

"तर काय?"

"मला काय ठावं? मी कदी लावला न्हाई," असं म्हणून म्हाताऱ्यानं होडीला एक धक्का दिला.

दर्या तेलासारखा होता. मान्सुर सुकाणूवर, साओदा मध्ये, नूरी पुढच्या टोकाला, नाळेवर पालथी पडून पाण्यात हात घालून, आणि तायेब सारखा बोलत. उडते मासे दिसले की त्यांना शिव्या, दुसरी होडी दिसली की तिला हाका. नऊ दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं, आणि त्या बडबडीचा एक एक शब्द मान्सुर तहानलेल्या माणसासारखा पीत होता. बोल बाबा, तो मनात म्हणत होता. माझ्या बायकोवर बोल, माझ्या बापावर बोल, पण बोल.

बेटाचा डोंगर म्हणजे झोपलेला ज्वालामुखी. कडेवर चढून आत उतरलं की दर्याचा वारा मागंच राहतो, आणि खाली तो तलाव, चहूबाजूंनी झाडीनं वेढलेला, चवीला दर्यासारखाच खारट, पण दर्याकडं जायला त्याला वाट नाही आणि त्याच्यावर लाट म्हणून उठत नाही. तिथं माणसं हळू बोलतात. तायेबनं मात्र काठावर पाय ठेवल्या ठेवल्या गळा काढून गाणं सुरू केलं.

"ए, हळू," साओदा म्हणली. "डोंगर जागा व्हईल."

"हू दे की. त्येला बी कॉफी दिऊ."

तिनं चूल मांडली. तायेब फाट्या मोडून देत गात बसला. मान्सुर एकटा झाडापाशी गेला.

त्याला त्याची फांदी ठाऊक होती, तलावाकडं झुकलेली, बुंध्यापासून दुसरी. दुसऱ्याच्या दगडात आपला चुकायची भीती त्याला कधी वाटली नव्हती, कारण त्याची गाठ गावात कोणी मारत नाही. ती त्याच्या बापाची गाठ. बापाच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती, म्हणून त्याची गाठ उलटी पडायची, शेपूट डावीकडून आत घातलेलं. मान्सुर तशीच शिकला. त्यानं पानं बाजूला केली, आणि हिरव्या सुताचे आपले दगड बघितले.

तीन होते.

त्यानं पुन्हा बघितलं. तिन्ही एका ओळीत, शेजारी शेजारी, हिरवं सूत, डावीकडून आत घातलेलं शेपूट. त्यानं दोनच बांधले होते. रागात एक, रडत एक; दोन्ही वेळा आजूबाजूला काय लटकलंय ते बघितलंच नव्हतं. तिसरा आपण कधी बांधला, हे तो आठवायला लागला, आणि कितीही आठवलं तरी डोक्यात तिसरा दगड काही येईना. मग नीट बघितल्यावर त्याला दिसलं, की कडेच्या दगडाचं सूत जुनं आहे. किती जुनं, तर फांदीची साल त्याच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आली होती आणि सूत निम्मं आत गेलं होतं. वर्षानुवर्षांचा होता तो. राहिलेले दोन नवे. ते त्याचेच.

पण त्या दोनांत वाईट कुठला आणि चांगला कुठला, ते मात्र कळायला मार्ग नव्हता. सूत एकाच जुन्या जाळ्याचं, दोन्हीकडं आधीपासूनच सारखं विटलेलं. चांगला आधी सुटला, तर मधल्या वेळात वाईट एकटा उरणार. तेवढा वेळ तरी किती, दहा श्वासांचा. पण तोंड मिटायला किती वेळ लागतो? त्यानं डावीकडचा धरला. मागं तायेब गात होता, नावाड्याचं जुनं गाणं, तिसरं कडवं. मान्सुरनं शेपूट ओढलं, गाठ सुटली, दगड तळहातावर पडला.

गाणं थांबलं.

मान्सुर वळला नाही. वळायचं धाडस झालं नाही त्याला. तलाव गप्प, झाडी गप्प, हजार दगड गप्प लटकलेले. त्यानं दोन्ही हातांनी दुसऱ्या गाठीवर झडप घातली, नख तुटलं, रक्त आलं, आणि गाठ सुटली.

"आक् थू!" मागून तायेब ओरडला. "साओदा, भाजाया टाकायच्या आदी खवलं काडायची असत्यात, हे तुला तुज्या आईनं शिकवलं न्हाई व्हय? चव बगायला गेलो तर घशात खवलंच!"

"तुला कुनी सांगितलंवतं कच्च्यात हात घालाया? हावरट मेला!"

आणि गाणं पुन्हा सुरू झालं, तिसऱ्या कडव्यापासून.

मान्सुरनं दोन्ही दगड एकदम पाण्यात टाकले आणि तिथंच गुडघ्यांवर बसला. एवढं हलकं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. अंगातून कोणीतरी नांगर उपसून काढावा तसं. संपलं. सगळं संपलं, कोणाला कळलं नाही, भाऊ गातोय.

"झालं का?"

तायेब मागं येऊन उभा होता. तोंडाला ठेचा लागलेला. त्यानं मान्सुरच्या खांद्यावर हात ठेवला, आणि वर, फांदीकडं बघत म्हणला, "दोन सोडलंस न्हवं? दुसरा कुटला आन् कशापायी, ते मला ठावं हाय. जाऊ दे. मी बी लई वंगाळ बोललोवतो."

मान्सुरच्या डोळ्यांतून पाणी आलं. "साए, मी—"

"जाऊ दे म्हनलं न्हवं का?" तायेब हसला. मग त्यानं वर हात केला आणि तिसऱ्या, त्या जुन्या दगडाची गाठ चाचपली. "ह्यो माजा."

अर्थात. गाठ बापाची, आणि बापाला पोरं दोन. मान्सुरला आपल्या घाबरण्याचंच हसू आलं. तायेबनं सालीत रुतलेलं सूत नखानं उकरून काढलं, घाई न करता, जसं कोणी पायातला काटा काढावा.

"कदी बांदलावतास?"

"लई आदी. मोठ्या बोटीवरनं आलो त्या साली."

"काय मागितलंवतं?"

"आसं इचारत्यात का येड्या?"

"मिळालं का पन?"

"मिळालं म्हनून तर सोडतोय," तायेब काठावरच्या साओदा-नूरीकडं बघत म्हणला, आणि दगड तलावात सोडून दिला. टाकला नाही, वाकून, पाण्याला लावून सोडला.

भावानं आपलं वाईट तर मागितलं नव्हतं, म्हणून मान्सुरनं जीभ हलवून बघितली. हातपाय बघितले. नूरी काठावर शंख गोळा करत होती, साओदा पानं मांडत होती, काहीही कुठं हललं नव्हतं. मग तोही जाऊन जेवायला बसला. साओदानं माशाचं डोकं तायेबच्या पानावर वाढलं. घरात ते मान्सुरला असायचं, पण नऊ दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला नाही वाढायचं तर कोणाला? मान्सुरला ते बघून बरंच वाटलं. डोळे, गाल, मेंदू, सगळं चोखून खाल्लं तायेबनं. जबडा कसा लख्ख चालत होता.

उतरताना नूरी तायेबच्या खांद्यावर बसली. हे चांगलं, मान्सुरच्या मनात आलं, अंगात बळ आलंय. खाली होडीपाशी आल्यावर तायेबच सुकाणूवर जाऊन बसला, आणि मान्सुरनं नांगर उचलला, होडी लोटली आणि मधल्या फळीवर पाय पसरले. किती दिवसांनी तो असा बसला होता, हाताला काम नाही, डोक्याला घोर नाही. ऊन कलत आलं होतं. साओदा मागं तायेबच्या पायाशी बसून भांडी दर्याच्या पाण्यात विसळत होती आणि दोघं कसल्यातरी बोलण्यावर बारीक हसत होती. भांडण मिटलेलं घर असंच दिसतं, मान्सुरला वाटलं, आणि त्याला पेंग आली.

"उबा, बग!" नूरी ओरडली. बेटाच्या झाडीतून वटवाघळं उठली होती, हजारांनी, सगळं आभाळ काळं करत पलीकडच्या किनाऱ्याकडं निघालेली.

"कुठं गं?" असं म्हणत मान्सुर डोळे चोळत उठून बसला. पण ती त्याच्याकडं बघत नव्हती.

"बगतोय बाय, बगतोय," मागून तायेब म्हणला. "मोज बरं किती हायत ती."

पोरीची जीभ. नऊ दिवस त्याच्या उशाशी बसून होती ती, चुकून गेलं तोंडातून. मान्सुर तिला जवळ घ्यायला पुढं सरकला, तशी ती लाजली, आणि मागं जाऊन आईच्या लुंगीत तोंड लपवून बसली.

"आवं, लहान हाय ती," साओदा म्हणली. "नव्या मानसाला बुजती जरा." तिनं डोक्यावर पदरासारखी घेतलेली लुंगी पुढं ओढून घेतली, पाण्याचा पेला भरला, आणि उजव्या हातानं, डावा हात कोपराला लावून, खाली बघत तो मान्सुरपुढं धरला. "घ्या. उन्हाचं आलायसा."

मान्सुरनं पेला घेतला. ती थट्टा करत असेल म्हणून तो तिच्या चेहऱ्यावर हसू शोधत राहिला. चेहरा साधा होता, मायाळू, कोणाही थकलेल्या माणसाला दाखवावा तसा. किनाऱ्यावरचे दिवे दिसायला लागले होते. दोन गावं, मध्ये काळोखी पट्टी.

तायेबनं इंजिन कमी केलं.

"पाव्हणं," त्यानं विचारलं, "तुमाला कुटं उतरायचं?"

आवाज खणखणीत होता, कुठं घोगरेपणा नाही, अडखळणं नाही. नऊ दिवसांच्या आजाराचा त्यात मागमूसही उरला नव्हता, आणि उत्तर सुचेपर्यंत मान्सुरला त्याचंच तेवढं बरं वाटत राहिलं.